न्याहारी, जेवण आणि बिरड्याचा रोजा
(ताम्मूझ महिन्यात सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



बोलण्यास उभा राहण्यापूर्वी मला दोन सूचना मिळाल्या आहेत. ध्वनिमुद्रण चालू आहे, तेव्हा माईकपासून दूर जाऊ नये, ही पहिली. भाषणानंतर चहापान आहे, तेव्हा लांबण लावू नये, ही दुसरी. दुसरी सूचना आजच्या विषयाला धरूनच आहे, कारण आपण कोणत्या वेळी काय खातो आणि त्या खाण्याला काय म्हणतो, याविषयीच मला बोलायचे आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या नातवाने मला हिब्रूत विचारले, “सबा, तू लहान असताना अरुहात एसरला काय न्यायचास?” अरुहात एसर म्हणजे दहाचे खाणे, हे येथे कोणाला सांगायला नको. येथील शाळेत सकाळी दहाच्या सुमारास मुले घरून नेलेला पाव काढून बसतात. मी त्याला म्हणालो, “आमच्याकडे तसले काही नव्हते.” तो खेळायला गेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले की आपण मुलाला चुकीचे सांगितले.

माझे लहानपण अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात गेले. आजोबांचा तेलाचा घाणा होता. घाण्याला अखेरचे दिवस आले होते, पण तो फिरत होता. कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपले घाणे बंद असत. इतर सहा दिवस पहाटे, गारव्यातच बैल जुंपला जाई. त्या वेळी पोटात फक्त कोरा चहा. ऊन तापू लागले की बैल सोडायचा, हातपाय धुवायचे आणि मग न्याहारी. तांदळाची भाकरी, रात्रीचे उरलेले कालवण किंवा भाजलेला सुका बांगडा. काही नसले तर पेज आणि लोणच्याची फोड. घड्याळ घरात एकच होते आणि त्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. पण ही वेळ साडेनऊ-दहाची असे, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. म्हणजे नातवाची अरुहात एसर ती हीच. सकाळी उठल्याबरोबर खाण्याची रीत आपल्याकडे मुंबईतील नोकऱ्यांबरोबर आली. आठच्या लोकलगाडीला धावणाऱ्या माणसाने साडेसातला जे दोन घास पोटात ढकलले, त्यांनाच पुढे आपण न्याहारी म्हणू लागलो. शब्द तोच राहिला, पण वेळ दोन-अडीच तास मागे सरकली.

या वेळेला आपल्या शास्त्रातही आधार आहे. तालमूदाच्या ‘शाब्बाथ’ या भागात कोणी कोणत्या तासाला जेवावे याची एक गमतीदार चर्चा आहे. तास सूर्योदयापासून मोजायचे. पहिल्या तासाला खाणारे रानटी लोक, दुसऱ्याला खाणारे दरोडेखोर, तिसऱ्याला वाडवडिलांच्या पैशांवर जगणारे. चौथा तास सर्वसाधारण माणसांचा, पाचवा मजुरांचा आणि सहावा पंडितांचा. पंडितांना भूक सर्वांत उशिरा लागते, हे पंडितांनीच लिहून ठेवले आहे, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही. पण चौथा तास म्हणजे आपले नऊ ते दहा. बाबेलमधील साधा माणूस, कोकणातील तेली आणि येथील शाळेतील मूल, तिघेही एकाच वेळी भाकरी मोडतात.

आता शब्दांकडे वळू. न्याहारी हा शब्द फारसी ‘नहार’शी नाते सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या शेजारी इराणहून आलेली यहुदी कुटुंबे राहतात त्यांनी ऐकले असेल: ते दुपारच्या जेवणाला नाहार म्हणतात. आपण तो शब्द सकाळी ठेवला, त्यांनी दुपारी नेला. ‘नाश्ता’ हा शब्दही फारसीच, आणि त्याचा मूळ अर्थ चमत्कारिक आहे: नाश्ता म्हणजे ज्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही असा, उपाशी माणूस! उपासाचे नाव खाण्याला मिळाले. ‘जेवण’ मात्र संस्कृत ‘जेमन’ या शब्दावरून आलेले, घरचेच आहे. आणि हिब्रूतील ‘अरुहा’? बाबेलच्या राजाने बंदिवासातून सोडलेल्या यहोयाखीन राजाला रोजच्या रोज जे नेमून दिले, त्याला राजांच्या दुसऱ्या ग्रंथात हा शब्द आलेला आहे. तेथे त्याचा अर्थ जवळजवळ आपल्या ‘शिधा’ या शब्दासारखा आहे. आज शाळेत डबा उघडणाऱ्या मुलाला आपण शिधा खात आहोत याची कल्पना नसते.

परंतु न्याहारी हे जेवण नव्हे. मराठी माणूस ‘दोन वेळचे जेवण’ म्हणतो. तीन वेळचे असे कोणी म्हणत नाही. ज्याला दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे तो गरीब. मिश्नाच्या ‘पेआ’ या भागात अगदी हेच माप आहे. गावात गरिबांसाठी रोज अन्नाचे एक पातेले फिरे, त्याला तमहुई म्हणत. आणि आठवड्याला वाटायची एक पेटी असे, तिला कुप्पा म्हणत. ज्याच्या घरी दोन जेवणांपुरते अन्न आहे त्याने पातेल्यातून घेऊ नये आणि ज्याच्या घरी १४ जेवणांपुरते आहे त्याने पेटीतून घेऊ नये, असा नियम आहे. सात दिवस, दोन वेळा, चौदा जेवणे. गालीलमधील गरीब आणि कोकणातील गरीब एकाच मापाने मोजला जात होता. मी जेव्हा हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो.

मग शाब्बाथला तीन जेवणे कशी? मान्न्याविषयी मोशेने सांगितलेल्या एका वाक्यात ‘आज’ हा शब्द तीनदा येतो. त्यावरून ऋषींनी शाब्बाथची तीन जेवणे ठरवली. येथे आपल्या लोकांची एक वेगळीच अडचण झाली. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे शाब्बाथचे पहिले जेवण ते शुक्रवारच्या रात्रीचे. मराठी माणसाचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो, त्याचे पहिले खाणे न्याहारी. आमच्या आजीच्या बोलण्यात दोन्ही हिशेब एकत्र नांदत. सोमवारच्या रात्रीला ती सोमवारची रात्र म्हणे; पण शुक्रवारी दिवेलागण झाली की तिच्या लेखी शनिवार लागला. दिवा लागल्यावर चुलीला हात नाही. शनिवारी दुपारचे जेवणही आदल्या दिवशीचेच, निखाऱ्यांवर झाकून ठेवलेले. आणि तिसरे, ज्याला येथे सेउदा शेलिशीत म्हणतात, त्याला आमच्या घरी नावच नव्हते. उन्हे कलताना आजी थोडे पोहे आणि केळे पुढे ठेवी आणि म्हणे, “खाऊन घ्या, शनिवार जायचा आहे.” ते व्रत आहे हे तिला माहीत होते की नाही, मी विचारले नाही. तो प्रश्न सुचण्याइतके मला कळू लागले तेव्हा ती राहिली नव्हती.

दूध आणि मांस यांच्या नियमाने आपल्या वेळापत्रकाला जे वळण दिले तेही थोडे सांगतो. मटणाच्या जेवणावर दूध चालत नाही, म्हणून आपल्या गोडाला नारळाचे दूध आले. रोश हाशानाचा चिकाचा हलवा नारळाच्या दुधात आटवला जातो तो यासाठीच. मटणाच्या ताटानंतर लगेच खाता येतो. पण चहाचे काय करणार? बाराला मटण जेवलेल्या माणसाला चारचा चहा दुधाचा मिळत नसे. पाहुणे आले आणि चहा कोरा आला, की न विचारताच समजावे, या घरी आज मटण झाले. येथे आल्यावर उलटा पेच पडला. येथील लोकांचे मुख्य जेवण दुपारचे. रात्री दही, चीज, अंडे, काकडी-टोमॅटो. आपले मुख्य जेवण, मुंबईत दुपारी डब्यावर भागवण्याची सवय लागल्यापासून, रात्री गेले होते. माझे वडील कारखान्यातून आले की भात आणि माशाचे कालवण मागत, आणि आम्ही मुले शेजाऱ्यांकडे पाहून दही आणि पाव मागत असू. एकाच टेबलावर दोन देशांच्या रात्री बसलेल्या असत.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. आपल्या पूर्वजांना सणांची हिब्रू नावे फार काळ माहीत नव्हती. मग त्यांनी सण कसे ओळखले? हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात जुनी नावे नोंदलेली आहेत. नव्याचा सण म्हणजे रोश हाशाना. त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिरीचा सण: नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर. योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून माणसे घरात बसत. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म आणि आप्तांच्या भेटी. पूरिमला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. एलूल महिन्याच्या उपासांना रमजान आणि उपासाला रोजा. आणि पेसाहला अनशी ढाकाचा सण. अनशी म्हणजे आंबट पाण्याचे मडके, जे वर्षभर कालवणाला लागे. पेसाहचे आठ दिवस ते झाकून ठेवत. इतर सण त्यांनी जे खाल्ले त्यावरून ओळखले, आणि हा एक, जे खाल्ले नाही त्यावरून. आंबवलेले खायचे नाही, ही आज्ञा ज्या ग्रंथात आहे तो ग्रंथ त्यांच्या हाती नव्हता. मडके होते आणि त्याच्यावर झाकण होते.

दावीद राहाबी यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ते केव्हा आले याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. कोणी हजार वर्षांपूर्वी म्हणतात, कोणी अठराव्या शतकात. पण त्यांनी परीक्षा कोणाची घेतली हे सर्व जण सारखेच सांगतात. त्यांनी पुरुषांना प्रार्थना म्हणून दाखवायला सांगितले नाही. स्त्रियांच्या पुढे मासे ठेवले, आणि स्त्रियांनी खवले-पर असलेले मासे वेगळे काढून बाकीचे बाजूला सारले. यहुदीपणाचा तो दाखला चुलीपाशी मिळाला. पुढे काजी नेमले गेले ते पुरुष, हा भाग वेगळा.

१९ व्या शतकात कोचीनचे गुरू आले, मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली आणि १८७४ साली पुण्यात चित्रे असलेली. त्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मात्सा भाजताना दिसतात. मडक्याचे नाव मागे पडले आणि घरोघर ‘पेसाह’ म्हणू लागले. यात मला दुःख वाटत नाही. हिब्रू नाव मिळाले हे चांगलेच झाले. आपल्यातील काही जण आज जुन्या नावांना अतिप्राचीन समजून मिरवतात, तेही मला पटत नाही. रमजान आणि रोजा हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले, होळी हिंदू शेजाऱ्यांकडून आली. ते आपल्याबरोबर गलबतातून उतरलेले नाहीत. नाव शेजाऱ्याचे आणि तिथी आपली, एवढाच त्याचा अर्थ आहे. परंतु एवढे समजायला मला पन्नास वर्षे लागली, आणि त्या आधी मी एक चूक केली. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी हे भाषण स्वीकारले.

आम्ही १९६३ साली येथे आलो. त्या काळी आपल्या लोकांच्या विवाहाचा प्रश्न पेटलेला होता. १९६२ पासून चाललेला तो वाद १९६४ साली मिटला. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मी सोळा वर्षांचा होतो. रस्त्यावर, शाळेत, जो तो आम्हाला पारखून पाहत आहे असे मला वाटे. आव महिन्यातील रोजा जवळ आला तेव्हा जिन्यात शेजारीण भेटली. आईने तिला मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगायचा प्रयत्न केला की परवा आमचा बिरड्याचा रोजा आहे, आणि हाताने वाल सोलून दाखवले. शेजारीण हसली. तिचे हसणे वाईट नव्हते, हे मला आज कळते. पण मी घरात येऊन आईला म्हणालो, “त्याला तिशा बआव म्हणतात. बिरडे म्हणजे काय, सण की भाजी? लोक आपल्याला यहुदी समजत नाहीत ते उगीच नाही.” आई काही बोलली नाही. त्यानंतर तिने ते नाव बाहेरच काय, घरातही उच्चारले नाही. बिरडे मात्र दर वर्षी केले. रोजा सुटला की ती ते ताटात वाढी आणि त्याला काहीच म्हणत नसे.

बिरडे म्हणजे काय, याचे उत्तर मी तिला द्यायला हवे होते, ते आता आपल्याला देतो. मंदिराच्या विध्वंसाचा हा दिवस. इतर देशांतील यहुदी या उपासाच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसून अंडे किंवा मसूर खातात. मसूर का, तर त्याला तोंड नसते आणि शोक करणाऱ्यालाही शब्द नसतो, असे ऋषी सांगतात. आपल्या कोकणात मसूर परका. पावसाळ्याच्या दिवसांत घरात असत ते वाल. आता वालाला चांगले पांढरे ठळक तोंड असते, तेव्हा ऋषींचा तर्क येथे लागू पडत नाही. पण गरिबाच्या शोकाला गरिबाचे कडधान्य, एवढे साम्य पुरेसे आहे. आणि कडव्या वालाची चव ज्याने घेतली आहे त्याला त्या दिवसाशी त्याचा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

परंतु बिरड्याची खरी गोष्ट चवीत नाही, वेळेत आहे. बिरडे आयत्या वेळी होत नाही. वाल रात्रभर भिजवावे लागतात, मग फडक्यात बांधून दिवसभर आणि रात्रभर मोड येऊ द्यावे लागतात, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. ज्या बाईला नवव्या तारखेच्या रात्री ताटात बिरडे हवे आहे तिला सातवी तारीख ठाऊक असलीच पाहिजे. त्या खेड्यात छापील हिब्रू पंचांग नव्हते. चंद्र पाहून, बोटांवर मोजून बायका वाल भिजत घालत, आणि वाल भिजले की आळीत सर्वांना कळे, रोजा आला. विद्वान मंडळी आपल्या समाजाने तिथ्या कशा टिकवल्या याचा शोध ग्रंथांत घेत असतात. मला वाटते, थोडा शोध फडक्यात बांधलेल्या वालांतही घ्यावा.

यंदा हा रोजा शनिवारी रात्री, शाब्बाथ सुटतो त्याच घटकेला सुरू होतो आणि रविवारी रात्री सुटतो. अशा वर्षी वालांचे काय करावे, हे मला काल फोनवर एका भगिनींनी विचारले. शाब्बाथला सोलणे नाही, निवडणे नाही, पुढच्या दिवसाची तयारीही नाही. आमची आजी काय करी ते सांगतो. गुरुवारी रात्री वाल भिजत घाली. शुक्रवारी दिवा लावण्यापूर्वी ते फडक्यात घट्ट बांधून कोनाड्यात ठेवी. शाब्बाथभर त्यांना कोणी हात लावत नसे. मोड आपोआप येत. शनिवारी रात्री, रोजा लागल्यावर, ती जमिनीवर बसे, कंदील पुढे ओढी, फडके सोडी आणि सोलायला घेई. आम्ही मुले भोवती बसून सोलू लागत असू. सोललेला दाणा तोंडात टाकायचा नाही, कारण रोजा लहान मुलांना नसला तरी त्या रात्री तिच्यासमोर कोणाची हिंमत होत नसे.

कडवे वाल येथील भारतीय किराणा दुकानांत मिळतात. घेताना नीट पाहून घ्यावेत; जुन्या वालांना मोड येत नाहीत.